मुन्नारचे मळे आणि आपला माळ



मागच्या डिसेंबरात आमच्या बचत गटाच्या सतरा जणी केरळात मुन्नारला जाऊन आलो. तेव्हापासून गिरणीत दळण घेऊन गेलं तरी आणि दवाखान्यात नंबर लावून बसलं तरी एकच विचारणा होते. "काय बघितलं गं तिकडं? चहाच ना? त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा रेडिओवरूनच सांगून टाकावं, असं गटाच्या बैठकीत ठरलं.

आधी पैशाचं सांगतो, कारण खरा प्रश्न तोच असतो. दोन वर्षं आम्ही दर महिन्याला माणशी तीनशे रुपये वेगळ्या खात्यात टाकले. गटाच्या बचतीला हात लावला नाही आणि कुणाचा कर्जाचा हप्ताही चुकवला नाही. रेल्वेचा साधा स्लीपर डबा, तिथं एक मिनीबस, एका खोलीत चौघी, आणि जाताना दोन दिवसांच्या दशम्या-चटणी बरोबर. तेवढ्यात भागलं. घरी स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न सतरा घरांत सतरा प्रकारे सुटला. तो सांगत बसलो तर रेडिओचा वेळ संपेल.

एर्नाकुलमला उतरून मुन्नारकडे निघालं की नेरियामंगलमला पेरियार नदीवरचा जुना कमानींचा पूल लागतो. १९३५ सालचा आहे. तो ओलांडला की घाट सुरू. रस्त्याच्या अगदी कडेला धबधबे. आपण डिसेंबरात विहिरीच्या तळाशी किती पाणी उरलं ते वाकून बघायला लागतो, आणि तिथं रस्त्यावर पाणी उडतंय. आपल्याकडे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला की चांगलं वर्ष म्हणतात. तिथं तीन हजारांच्या पुढं पडतो. थोडं वर गेलं की मोठ्या झाडांच्या सावलीत वेलदोड्याच्या बागा लागतात. वेलदोडा झाडाच्या बुडाशी, जमिनीलगत लागतो हे आमच्यातल्या निम्म्या जणींना तिथंच कळलं. मग एका वळणावर एकदम चहा सुरू होतो आणि संपतच नाही. मुन्नार म्हणजे तीन नद्या, तीन ओढ्यांचा संगम. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच, आणि मुन्नारचा बाजार जवळजवळ तेवढ्याच उंचीवर भरतो. थंडी कसली, विचारूच नका. दोन-दोन स्वेटर घालून झोपलो.

चहाचा डोंगर लांबून फार देखणा दिसतो, यात वादच नाही. हिरवी गोधडी अंथरावी आणि तिला वाटांचे टाके घालावेत, तसा. पण जवळ जाऊन बघितलं की कळतं, चहा हे मुळात झाड आहे. मोकळं सोडलं तर चांगलं घराएवढं वाढतं. ते वाढू नये, बाईच्या कमरेएवढंच राहावं आणि वरून सपाट असावं, म्हणून त्याला सारखं खुडतात आणि चार-पाच वर्षांनी पार खाली छाटतात. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणून फोटो काढतो, ती शंभर-सव्वाशे वर्षं रोज राबून राखलेली शेती आहे. तिथं पूर्वी काय होतं? जंगल आणि गवताचे डोंगर. मुथुवन नावाचे आदिवासी तिथं राहत होते, आजही राहतात. १८७७ साली मन्रो नावाच्या गोऱ्या साहेबाने पूंजारच्या राजाकडून हे डोंगर पट्ट्यानं घेतले, आणि पुढं जंगल तोडून मळे उभे राहिले. तमिळ मुलखातून मजूर आणले. चहा खाली नेण्यासाठी छोटी रेल्वेसुद्धा होती. १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली, ती परत काही झाली नाही.

चहाचा कारखानाही बघितला. पाला आला की रात्रभर पसरून त्याखालून वारा सोडतात, मग पानं मऊ पडतात. नंतर दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्याच्या गोळ्या होतात. त्या हवेत तासभर ठेवल्या की हिरव्याच्या तांबूस होतात, मग गरम हवेवर वाळवायच्या आणि चाळायच्या. एक किलो चहाला साधारण साडेचार किलो ओला पाला लागतो. आपण जी सगळ्यात स्वस्त भुकटी घेतो ती चाळणीच्या शेवटी पडणारी, हे कळल्यावर थोरल्या काकू म्हणाल्या, "रंग तर तिलाच येतो." तेही खरंच आहे. वाळवणीच्या भट्टीला लाकूड लागायचं, म्हणून गोऱ्यांनी चहाच्या कडेनं निलगिरीची झाडं लावली. हे लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आता ज्यांच्या हातून हा चहा येतो त्यांच्याकडे येऊ. आमचा गाडीवाला तिथलाच. तमिळ, मलयाळम आणि मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. एका मळ्यात बायका पाला काढत होत्या, तिथं त्यानं गाडी थांबवली. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला. झुडपं दवानं ओली असतात, सकाळी दोन ओळी चाललं की कमरेपर्यंत माणूस भिजतं, म्हणून तो कागद. चित्रात दाखवतात तसं दोन पानं आणि एक कळी नाजूक बोटांनी खुडणं फारसं दिसलं नाही. हातात मोठी कात्री, तिला एका अंगाला पाला साठायला खोका लावलेला. कात्री चालवायची, पाला पाठीवरच्या पिशवीत ओतायचा, परत कात्री. खांदे आणि मनगटं किती भरून येत असतील, ते खुरपणीला जाणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

त्यातल्या एका पोक्त बाईंना आम्ही आपल्या सवयीनं "आक्का" म्हणून हाक मारली, आणि त्या लगेच वळल्या. तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात! मग काय, गाडीवाल्याला मध्ये घालून गप्पा सुरू झाल्या. त्यांची आजी तमिळनाडूतून आलेली. आई याच मळ्यात, त्याही याच मळ्यात. राहायला मळ्याच्या चाळीतली एक खोली आणि स्वयंपाकघर. त्या चाळीला तिथं लयम म्हणतात. घर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं. निवृत्त झालं आणि घरातलं दुसरं कुणी मळ्यात कामाला नसलं की खोली सोडायची. तीन पिढ्या राबून नावावर एक भिंत नाही. आमच्यातल्या दोघी उसाच्या तोडीला जाऊन आलेल्या आहेत. त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "वजन कोण करतं? काट्यात मारतात का?" गाडीवाल्यानं तमिळमध्ये विचारलं. आक्का हसल्या, लांब उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे एकदा बघितलं आणि परत कात्री चालवायला लागल्या. आम्हाला उत्तर मिळालं.

या बायकांनी २०१५ साली काय केलं, ते आपल्या प्रत्येक गटात सांगावं असं आहे. तेव्हा त्यांची रोजची मजुरी २३२ रुपये होती आणि रोज २१ किलो पाला काढावा लागायचा. त्या वर्षी बोनस १० टक्क्यांवर आणला. सप्टेंबर महिन्यात बायका कामावर न जाता मुन्नारच्या रस्त्यावर येऊन बसल्या. शेकड्यांनी नव्हे, हजारांनी. कोची ते धनुष्कोडी हा मोठा रस्ताच अडवला. त्यांच्या संघटना होत्या, नाही असं नाही. पण पुढारी सगळे पुरुष, आणि ते आपल्या बाजूनं नीट बोलत नाहीत असं बायकांचं म्हणणं. म्हणून त्यांनी पुढाऱ्यांना आपल्यात बसूच दिलं नाही. पेंबिलै ओरुमै, म्हणजे बायकांची एकी, हे नाव त्या आंदोलनाला पडलं. नऊ दिवसांनी २० टक्के बोनस मान्य झाला.

आणखी एक गंमत आहे. तिथल्या मोठ्या कंपनीत २००५ पासून कामगारही भागधारक आहेत. म्हणजे कागदावर मालकीण आणि अंगावर प्लॅस्टिकचा कागद. आपण गटात शेअर, भागभांडवल हे शब्द रोज वापरतो. भाग आपला असला तरी ठरवण्याच्या खोलीत खुर्ची आपली आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. पुढं महिनाभरात मजुरीचीही बोलणी झाली. मजुरी ३०१ रुपये झाली, आणि पाल्याचं वजन २१ किलोवरून २५ किलो! एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काट्यावर ठेवलं. हे ऐकून उसतोडीच्या दोघी म्हणाल्या, "आपल्याकडं पण असंच." त्याच वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत त्यांच्यातल्या काही जणी उभ्या राहिल्या, थोड्या निवडूनही आल्या. पुढं आपसांत फाटाफूट झाली, जोर कमी झाला. तेही सांगायला हवं. पण संघटनेच्या नावानं आपल्याकडे बायकांना सतरंजीवर पुढं बसवतात आणि बोलायला दुसराच उठतो, हे ज्यांनी बघितलंय त्यांना ते नऊ दिवस काय होते ते कळेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात गेलो. खाजगी गाडी खालीच ठेवायची, वनखात्याच्या बसनं राजमलापर्यंत जायचं आणि मग पायी. शेजारीच आनमुडी, २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. त्यावर चढू देत नाहीत, लांबून नमस्कार करायचा. या डोंगरावर चहा लागला नाही, कारण मळेवाल्या साहेबांनी तो शिकारीसाठी राखून ठेवला होता. १९७५ साली अभयारण्य झालं, १९७८ ला राष्ट्रीय उद्यान. शिकारीच्या हौसेनं का होईना, डोंगर वाचला.

बसमधून उतरल्यावर आमच्या बऱ्याच जणींचा चेहरा पडला. एवढी जाहिरात ऐकून आलो आणि समोर काय, तर गवत. चहासारखं गुळगुळीत नाही. भुरकट, हिरवट, वाऱ्यावर लोळणारं गवत, आणि मधल्या घळींमध्ये ठेंगण्या, दाट झाडांचे पुंजके. त्या रानाला शोला म्हणतात. एक जण म्हणालीच, "हे तर आपल्या माळासारखं दिसतंय." मग वनखात्याच्या माणसानं सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही पायरीवर बसून ऐकलं.

पाऊस पडला की हे गवत पाण्याला पळू देत नाही. मुळांच्या जाळीत आणि काळ्या भुसभुशीत मातीत पाणी मुरतं, ते हळूहळू घळीत उतरतं, शोलाच्या झाडांखाली साठतं आणि उन्हाळाभर झिरपत राहतं. खालच्या नद्या पावसाळा संपल्यावर वाहतात त्या या गवताच्या जिवावर. पण गोऱ्यांना हा गवताचा डोंगर रिकामा वाटला. रिकामी जमीन दिसली की काहीतरी लावावं असं माणसाला वाटतंच. मग चहाच्या भट्टीसाठी निलगिरी आली. वॅटल नावाची बाभळीच्या कुळातली परदेशी झाडं आली. वॅटल तर एकदा शिरलं की हटत नाही, गवताला खाऊन टाकतं. डोंगर दिसायला हिरवागार आणि खालचे ओढे कोरडे, असं काही ठिकाणी झालं. मुन्नारच्या पलीकडं पळत्तोट्टम भागात २०१९ साली वणव्यात अशी झाडं जळाली, तेव्हा वनखात्यानं झाडं परत न लावता गवत लावायला घेतलं. गावच्या लोकांकडून, त्यातही बायकांकडून, रोपवाटिकेत गवत वाढवून डोंगरावर लावून घेतलं. आटलेले ओढे परत वाहायला लागले, असं तिथले लोक सांगतात. गवताची रोपवाटिका! आपल्याकडे कुणाला सांगितलं तर हसतील.

एवढ्यात वरच्या खडकावरून चार-पाच जनावरं खाली आली. निलगिरी ताहर. जगात फक्त केरळ-तमिळनाडूच्या या डोंगरांत राहणारी रानशेळीसारखी जात, आणि त्यांची सगळ्यात जास्त संख्या याच उद्यानात. आम्हाला अजिबात न भिता ती रस्त्याच्या कडेचं गवत खात राहिली. ज्यांच्या दारात शेळ्या आहेत अशा नऊ जणी आमच्यात होत्या. त्यांनी लगेच दात, खूर, कास यांची चर्चा सुरू केली आणि "हिचे दिवस भरत आलेत" असं एकीनं सांगितलंही. वनखात्याचा माणूस बघतच राहिला. म्हणाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची पिलं होतात, तेव्हा उद्यान बंद ठेवतो. बाळंतिणीला एवढी सुट्टी, असं म्हणून आम्ही हसलो.

तिथंच नीलकुरिंजीची झुडपं दाखवली. ही बारा वर्षांनी एकदा फुलते. २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३० ला. मुथुवन लोक म्हणे माणसाचं वय कुरिंजीच्या बहरावरून सांगत. आपल्या सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी फुलते ना, ती आणि ही एकाच जातकुळीतल्या बहिणी. आपलं कास पठार आणि हे एरविकुलम, दोन्ही २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत एकदमच गेली. कासला आपण फुलांच्या दिवसात गाड्या करून जातो. त्याच पठारावर पाणी मुरतं, हे कितीदा आठवतं?

राजमलाच्या पलीकडच्या अंगाला पेट्टिमुडी आहे. तिकडं आम्ही गेलो नाही, गाडीवाल्यानं फक्त हात करून दिशा दाखवली. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री, पावसात डोंगर खाली आला आणि मळ्याच्या चाळींवर बसला. सत्तर माणसं गेली. चाळ कुठं बांधायची, हे तिथं राहणाऱ्यानं ठरवलेलं नव्हतं. आपण माळीण विसरलेलो नाही. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या दिवशी दुपारी कुटुंबश्रीच्या बायकांच्या खाणावळीत जेवलो. कुटुंबश्री म्हणजे केरळची बचत गटांची चळवळ, १९९८ साली सुरू झाली. शेजारच्या दहा-वीस घरांचा एक गट, अशा गटांचा वॉर्डाचा संघ आणि त्यावर पंचायतीचा संघ. आपल्याकडे गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ आहेत, तसंच. पण तिथं पंचायतीची कामं आखताना या संघांचं म्हणणं घेतात. भात जाड, ताकासारखी कढी पातळ, मासे नको म्हटल्यावर पापड दोन जास्त. वहीत हिशेब कसा लिहितात ते आम्ही बघितलं, त्यांनी आमची वही बघितली. भाषा एक अक्षर कळली नाही, पण रकाने तेच. जमा, खर्च, शिल्लक, थकबाकी. थकबाकीचा रकाना तिथंही भरलेला होता, हे बघून जरा बरं वाटलं!

आता हे सगळं आज का सांगतोय, तर आमच्या गावच्या गायरानावर एकजात एकाच जातीची झाडं लावायचा ठराव १ मेच्या ग्रामसभेत येणार आहे. झाडं लावायला आमचा विरोध नाही. ओढ्याच्या काठानं लावा, बांधावर लावा, शाळेच्या आवारात लावा, पाणी आम्ही घालू. पण तो माळ कागदावर पडीक असला तरी गावातल्या दीडशे-दोनशे शेळ्या-मेंढ्या त्याच्यावर जगतात, आणि खालच्या दोन विहिरींना पाणी त्याच अंगानं येतं. आमच्या लहानपणी त्या माळावर पवन्या आणि मारवेल गुडघ्याएवढं असायचं. आता कुसळी जास्त. ते का झालं आणि परत कसं येईल, हा ठराव आधी हवा, असं आमचं मत आहे.

कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. आपल्याकडे ती बऱ्याचदा सह्यांच्या वहीवरच होते. या वेळी ती चावडीवर बसून व्हावी, म्हणून आम्ही ग्रामसेवकांना लेखी पत्र दिलंय आणि पोच घेतलीय. त्याआधी एका संध्याकाळी गावातल्या तीन-चार जाणत्या आत्या-काकूंना माळावर घेऊन जाणार आहोत. कोणतं गवत कुठं उगवतं, कोणतं जनावर काय खातं, ओढा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा, हे त्या सांगतील आणि आम्ही लिहून घेऊ. ज्या गावांत असाच ठराव येतोय तिथल्या गटांनी आपापल्या माळाची अशी यादी करून ठेवावी. कुणाला पत्राचा मसुदा हवा असेल तर गटाच्या बैठकीच्या दिवशी या, नक्कल देऊ.

आणि सहलीच्या हिशेबाची वहीही तिथंच ठेवलीय. रेल्वेचं तिकीट, मिनीबस, खोल्या, उद्यानाचं तिकीट, सगळं पावत्यांसकट चिकटवलंय. ज्यांना तीनशे रुपयांनी सुरुवात करायची आहे त्यांनी बघून घ्यावी. स्वेटर मात्र दोन न्या.

नमस्कार.